रामानुजन, श्रीनिवास : धर्मश्रद्धेविषयीची लोकधारणा

श्रीनिवास रामानुजन (२२ डिसेंबर १८८७–२६ एप्रिल १९२०) यांचे गणित फार थोड्यांना कळते. नामक्कलची नामगिरी देवी त्यांना स्वप्नात सूत्रे सांगे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक असते. नामगिरी हे त्यांच्या घराण्याचे दैवत. स्वप्नांचा उल्लेख त्यांच्या परिचितांच्या आठवणींत येतो. इंग्लंडला जाताना समुद्रपर्यटनाला देवीनेच अनुमती दिली, या कथेची रूपे एकाहून अधिक आहेत. श्रद्धा खरी नव्हती असे म्हणायला आधार नाही. प्रश्न आहे तो तिला गणिताचा उगम मानण्याचा. या समजुतीला मुख्य आधार मिळतो तो रामानुजन यांच्या नोंदवह्यांचा. त्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत, पण सिद्धता जवळजवळ नाहीत, आणि ती रिकामी जागा लोकांनी देवीने भरली. प्रत्यक्षात १९०३ च्या सुमारास त्यांच्या हाती पडलेला कार या लेखकाचा गणिताचा सारग्रंथच तसा होता : हजारो प्रमेये, सिद्धता नाममात्र. शिवाय कागद महाग असल्याने रामानुजन पाटीवर गणिते करीत, कोपराने पुसत आणि फक्त उत्तर वहीत उतरवीत. पुसलेली पाटी कोणी पाहिली नाही, म्हणून ती कथेतही आली नाही.

चुकांचेही तसेच. १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना कळविलेले अविभाज्य संख्यांविषयीचे काही दावे खोटे ठरले, कारण झीटा फलनाची संमिश्र शून्ये त्यांत हिशेबात धरलेली नव्हती. लोककथेत या चुकांना जागा नाही. (देवीने सांगितले असे मानायचे, तर हेही तिच्याच नावावर टाकावे लागेल.) नोंदवह्यांतील बहुसंख्य निष्कर्ष अचूक निघाले, हा आक्षेप योग्य आहे, पण तेवढ्यावरून सिद्ध होते ती असामान्य प्रतिभा, तिचा उगम नव्हे.

उलट टोकाची धारणा हार्डी यांच्यामुळे रूढ झाली. सर्व धर्म आपल्याला कमीअधिक सारखेच खरे वाटतात, असे रामानुजन यांनी सांगितल्याचे हार्डी नमूद करतात आणि त्यांची धार्मिकता आचारापुरती होती असा निष्कर्ष काढतात. शेषू अय्यर व रामचंद्र राव या चरित्रकारांना हे मान्य नव्हते. हार्डी स्वतः निरीश्वरवादी होते. तथापि केवळ त्यामुळे त्यांची साक्ष बाद होत नाही, कारण केंब्रिजमध्ये ते रोजच्या सहवासात होते. अडचण अर्थ लावण्याची आहे. सर्व धर्म सारखेच खरे, हे विधान इंग्रज निरीश्वरवाद्याला उदासीनता वाटेल. दक्षिणेतला वैष्णव भाविक तेच सहज बोलेल आणि पूजेला बसेल. अर्थात नास्तिक स्नेह्याशी वाद नको म्हणूनही ते बोलले असतील.

समीकरण आणि ईश्वराचा विचार यांना जोडणारे, रामानुजन यांच्या नावाने फलकांवर हटकून दिसणारे वाक्य आठवणींच्या परंपरेतून आले आहे. त्यांच्या शोधनिबंधांत ते नाही. अशा आठवणींचा एक संग्रह ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९६७ मध्ये, म्हणजे रामानुजन यांच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी प्रसिद्ध केला.

हार्डी ज्या आचाराविषयी बोलतात, त्यात आहारही येतो : रामानुजन यांनी इंग्लंडमध्येही कडक शाकाहार पाळला, युद्धकाळात आहाराची आबाळ झाली.