चकल्या, मारुती आणि सहा आकडे

गेल्या दिवाळीत आईने पाठवलेला फराळाचा डबा 'डिलिव्हर' झाला. म्हणजे मेसेज तरी तसा आला. पुरावा म्हणून फोटोही होता. दारासमोर डबा, शेजारी हिरवं पायपुसणं. अडचण एवढीच की आमचं पायपुसणं लाल आहे!

आमच्या रस्त्यावर जवळपास सारख्याच नावाच्या दोन सोसायट्या आहेत आणि दोन्हींत बी-३०४ आहे. शोधत गेलो तर तिथे तीन बॅचलर पोरं. लाडू शाबूत होते. चकल्या मात्र... असो. आईने दुखऱ्या गुडघ्यांनी उभं राहून त्या तळल्या होत्या, हे सांगितल्यावर एकाचा चेहरा इतका पडला की मलाच त्याला लाडू द्यावा लागला :)

आम्हा प्रोग्रामर लोकांच्या भाषेत हा 'नेम कोलिजन'. एकच नाव, दोन मालक. आणि मंडळी, हा बग आपल्या देशात फार जुना आहे.

औरंगाबादच घ्या. एक आपलं, ज्याचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, आणि दुसरं बिहारमधलं. बिलासपूर एक हिमाचलात, एक छत्तीसगडात. त्यात पत्ता लिहिणारा बंगालीत लिहिणार, तमिळमध्ये लिहिणार, आणि मुंबईत टपाल निवडणाऱ्या माणसाने तो वाचायचा! राज्याचं नाव लिहायला विसरलात की पार्सल भलत्याच गावचं पाणी पिऊन येणार.

यावर तोडगा काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव, आणि (हे मला फार आवडतं) संस्कृतचे कवी. त्यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी, म्हणजे ऐन स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात सुरू झाला. अमेरिकेचा झिपकोड १९६३ चा, म्हणजे आपण फार मागे नव्हतो.

डिझाइन बघा किती सुटसुटीत आहे. कोथरूडचा पिन ४११०३८. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. ४१ म्हणजे त्यातला उपविभाग. ४११ म्हणजे पुणे. शेवटचे तीन आकडे वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसचे. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला फक्त आपल्यापुरते आकडे बघायचे, बाकी पत्ता वाचायची गरज नाही. सैन्याच्या टपालासाठी ९ हा आकडा राखीव. छत्रपती संभाजीनगरचा पिन ४३१००१, बिहारच्या औरंगाबादचा ८२४१०१. मिटला वाद. शहराचं नाव बदललं तरी पिन तोच, म्हणजे एकही 'लिंक' तुटली नाही!

पण गंमत म्हणजे हा कोड तुम्हाला पोस्ट ऑफिसपर्यंतच नेतो, दारापर्यंत नाही. पुढचं काम लोक आपापल्या पद्धतीने करतात. 'मारुतीच्या देवळाजवळ' एवढाच पत्ता पुण्यात चालेल का? म्हणून तर इथे जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती. देवालासुद्धा युनिक आयडी लागतो.

आणि शेवटचं जिन्यापासून दारापर्यंतचं अंतर पोस्टमन कापायचा. आमच्या लहानपणी आजोबांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये तीन चुका असल्या तरी पत्र बरोबर घरी यायचं. कारण पोस्टमनला आजोबा माहीत होते. पत्ता कागदावर कमी आणि त्याच्या डोक्यात जास्त होता. आता डबा आणणारा मुलगा दर वेळी नवा असतो, त्याच्या पाठीवर दिवसभराची पार्सलं असतात आणि जिन्यात थांबून विचारायला त्याच्याकडे वेळ नसतो. त्याला तरी काय बोलणार? पूर्वी पार्सल गाव चुकायचं, आता दार चुकतं.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी कोड. छानच आहे. पण आमच्या इमारतीत त्याच चौकोनावर एकावर एक सात मजले आहेत, त्याचं काय!

आईला हा सगळा किस्सा सांगितला. यंदा ती दोन डबे पाठवणार आहे, दुसरा त्या पोरांसाठी, जास्त चकल्या घालून. तो बरोब्बर आमच्याच दारात येणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.