बाटलीवरचे लेबल

भगिनींनो, स्मरणिकेसाठी काही लिहून द्या असे सांगणे आले तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, एखादी पाककृती देते. पण चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्यापैकी एकीने मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णाचा डबा दाखवला आणि चौघींनी तिथल्या तिथे पैसे दिले. चौथी मी. घरी आल्यावर माझ्या आजीने सांगितलेली एक गोष्ट आठवली आणि रात्री झोप लागेना. तेव्हापासून अशा औषधांविषयी मिळेल ते वाचते आहे. इंग्रजी असेल ते मुलगी वाचून दाखवते. ती औषधशास्त्राची पदविका करते आहे.

पूर्वी वैद्य स्वतःच कुटून, खलून, पुडी बांधून देत. तयार औषध बाटलीत भरून, लेबल लावून दूरदूर विकणे हे पुढचे. त्याचा एक आरंभ आपल्या अगदी शेजारी, पनवेलला झाला. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी तेथे १८७२ साली धूतपापेश्वर कारखाना काढला. आसवे, अरिष्टे, भस्मे ग्रंथांत सांगितल्याप्रमाणे तयार होऊ लागली. १८९३ साली नागेश्वरराव पंतुलूंनी मुंबईत अमृतांजन सुरू केले, आणि गाण्याच्या बैठकींत ते फुकट वाटून लोकांच्या कपाळी लावले. गिरगावातल्या डोंगरे कंपनीचे बालामृत तर घरोघरी माहीत होते. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत येत. लाहोरहून १९०१ पासून पंडित ठाकुरदत्त शर्मांची अमृतधारा येऊ लागली. एक बाटली आणि रोग अनेक! पोट दुखो, डोके दुखो, विंचू चावो. आपण घरी कापूर, ओव्याचे फूल आणि पेपरमिंटचे फूल एका बाटलीत घालून ठेवतो व त्याचे आपोआप पाणी होते, तीच ही अमृतधारा. पोटात कळ आली तर थोडी गुणकारी आहे, हे मी नाकारीत नाही. माझ्या फडताळात आजही आहे.

या औषधांना ‘पेटंट’ म्हणत, पण बहुतेकांचे पेटंट घेतलेलेच नसे. पेटंट घ्यायचे म्हणजे आत काय आहे ते सरकारला लिहून द्यावे लागते, आणि तेच तर सांगायचे नव्हते! विलायतेत तेव्हा बीचमच्या गोळ्यांचा मोठा बोलबाला होता. १९०९ साली तिकडच्या डॉक्टरांच्या संस्थेने अशी गुप्त औषधे तपासून पुस्तकच छापले. बीचमच्या गोळीत काय निघाले? काळा बोळ, सुंठ आणि साबण! छप्पन्न गोळ्यांच्या डबीतला माल अर्ध्या फार्दिंगचा, आणि विक्री एक शिलिंग दीड पेनीला, म्हणजे शंभरपटीहून अधिक.

बायकांना गाठण्याची युक्ती तर पाहा. अमेरिकेत लिडिया पिंकहॅम या बाईंचे स्त्रीरोगावरचे औषध होते. बाटलीवर बाईंचा प्रेमळ चेहरा, आणि खाली आवाहन की आपले दुखणे मला पत्राने कळवा. पुरुष डॉक्टरापुढे बोलायला लाजणाऱ्या हजारो बायका लिहीत. पुढे १९०५ साली एका मासिकाने पिंकहॅमबाईंच्या थडग्याचे छायाचित्र छापले. बाई १८८३ सालीच वारल्या होत्या! औषधात मद्यार्क होता शेकडा अठरा. पुढच्याच वर्षी, १९०६ साली, तिकडे कायदा झाला की मद्यार्क, अफू, मॉर्फीन आत असेल तर लेबलावर लिहिलेच पाहिजे. रडक्या मुलांना शांत करणारे मिसेस विन्स्लोचे सिरप घरोघर दिले जाई. त्यात मॉर्फीन होते.

ते वाचून दाखवताना मुलगी थांबली, कारण आजीची गोष्ट तिलाही ठाऊक आहे.

माझी पणजी लालबागला गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना बाळागोळी देत. आपली बाळगुटी ती नव्हे. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सहाणेवर उगाळून देतो ते निराळे. बाळागोळीत अफू असे. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी मुंबईतल्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा शेकडा अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळले. कामावर जायचे, मूल रडले तर शेजारीण किती सांभाळणार? आजी तेव्हा सहा-सात वर्षांची. धाकट्या भावाची झोळी हलवणे तिचे काम. एके दिवशी दुपार झाली तरी तो उठेना. तिला वाटले, आज बरा झोपला. ती भातुकली खेळत बसली. आई संध्याकाळी आली तेव्हा मूल गार झाले होते. आजी हे ऐंशीव्या वर्षीही सांगताना हात झोळी हलवल्यासारखा हलवी. पणजीला मात्र कोणी बोल लावलेला तिला आठवत नव्हता, आणि मीही लावत नाही.

आपल्याकडे कायदा यायला फार वेळ लागला. कर्नल चोप्रांच्या समितीने १९३०-३१ साली बाजारातली औषधे पाहिली, १९४० साली औषधांचा कायदा झाला, आणि १९५४ साली चमत्कारी उपायांच्या जाहिरातींवर बंदी आली. त्या कायद्याला चोपन्न रोगांची यादी जोडली आहे. हे रोग बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही. मधुमेह त्या यादीत आहे.

मुलीने आमचा डबा फिरवून फिरवून पाहिला. आत काय आहे ते नाही, कारखान्याचा पत्ता नाही, नुसता मोबाईल नंबर. माझी साखरेची गोळी मी बंद केली नव्हती. डबा घेऊन मी त्या भगिनीकडे गेले. बिचारीचा काही दोष नाही, तिलाही कोणी तरी दिला होता. पण तिच्या यजमानांनी दोन महिन्यांपासून गोळ्या सोडल्या होत्या व पायाची जखम भरत नव्हती. त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेले.