ढगाखालचे शिरोळ

शिरोळ तालुक्यातल्या आमच्या घराच्या भिंतीवर कोळशाच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ च्या महापुराची, वरची २०१९ ची. दोन्ही अब्बांनी पाणी उतरल्यावर ओढल्या. घराला रंग देताना तेवढी जागा आम्ही सोडतो.

२०१९ च्या पंचनाम्यात आमच्या गल्लीत पाणी शिरलेच नाही, असे कुणीतरी कागदावर लिहून टाकले होते. पुण्याचा आतेभाऊ फोनवर म्हणाला, “भाईजान, अब ऊपर से सब दिखताय. सॅटेलाइटका फोटू निकालके टेबलपर रखो.” मला पटले. फोटो शोधायला बसलो आणि या आभाळातल्या नजरेचा इतिहासच वाचत गेलो.

वरून पाहण्याचा हक्क सुरुवातीला हेरखात्यांचा होता. १९६० पासून अमेरिकेचे ‘कोरोना’ उपग्रह फिल्मवर फोटो घेत, फिल्मची डबी पॅराशूटने खाली सोडत आणि विमान ती हवेतच पकडत असे. (साथीच्या आधी या शब्दाचा असाही एक इतिहास होता.) १९७२ मध्ये लँडसॅट आला. तो नागरी कामासाठी होता, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे सुमारे ८० मीटर. आमच्या गल्लीतली बरीचशी घरे एका ठिपक्यात गडप झाली असती. डिसेंबर १९९५ मध्ये भारताने आयआरएस-१सी सोडला. तो ५.८ मीटरपर्यंत पाही, आणि त्याची चित्रे एका अमेरिकी कंपनीमार्फत जगाच्या बाजारात विकली जात. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

खासगी कंपन्यांना अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने वाट करून दिली, १९९४ मध्ये क्लिंटन सरकारने ती आणखी मोकळी केली. २४ सप्टेंबर १९९९ रोजी इकोनॉस कक्षेत गेला. ६८१ किलोमीटरवरून तो एक मीटरच्या आतले पाही, आणि पैसे मोजणाऱ्याला ती चित्रे मिळत. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये वर्ल्डव्ह्यू-३ आला. उंची ६१७ किलोमीटर, ठिपका ३१ सेंटीमीटरचा. म्हणजे दहा फुटांची आमची गल्ली त्याच्या चित्रात दहा ठिपक्यांची. ट्रॅक्टर आणि ट्रॉली वेगळी ओळखता येते. माणूस मात्र एक-दोन ठिपक्यांचाच, चेहरा नाही. कुरुंदवाडच्या मशिदींची छपरे दिसतात, त्या मशिदींत गणपती बसतो ते दिसत नाही.

३१ सेंटीमीटरची ही नजर कृष्णधवल आहे. रंगीत चित्र १.२४ मीटरचे, दोन्ही एकत्र करून आपल्याला दिसते ते देखणे चित्र बनते. शिवाय डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरणही तो टिपतो. त्यात हिरवा ऊस झळकतो, पाणी काळे पडते. शिरोळला याचा खरा उपयोग उन्हाळ्यात आहे. पाण्याच्या अतिवापराने आमच्याकडची हजारो एकर जमीन क्षारपड झाली. त्या रानावर मीठ फुटून आलेले पांढरे पट्टे वरून लख्ख दिसतात.

पण पुराचे काय? हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, एका वेळी सुमारे १३ किलोमीटर रुंदीची पट्टी टिपतो, तीही त्याला तिकडे वळवले तर. आणि कितीही महागडा असला तरी तो कॅमेराच. ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा एकदम फुगतात तेव्हा वर ढगांचे छत असते. मला त्या आठवड्याचे जे काही सापडले ते नुसते पांढरे होते. आपला कार्टोसॅट-३ तर २५ सेंटीमीटरची नजर घेऊन २७ नोव्हेंबर २०१९ ला गेला, पूर ओसरल्यावर. तोही ढगाखालचे पाहू शकला नसता.

ढगाखालचे पाहतो तो रडार. युरोपचा सेंटिनेल-१ स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि परतलेल्या मोजतो. ढग असो, रात्र असो, त्याला फरक पडत नाही, आणि त्याची चित्रे फुकट मिळतात. संथ पाण्यावरून लहरी आरशासारख्या पलीकडे निघून जातात, म्हणून पाणी काळे दिसते. नृसिंहवाडीच्या संगमाभोवतीचा तो काळा डाग मी संगणकावर पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. मग आमचे गाव मोठे करून पाहिले. गल्ली कोरडी!

कारण समजायला दोन दिवस गेले. घरांमध्ये पाणी भरले की लहर आधी पाण्यावर आपटते, तिथून भिंतीवर, आणि उपग्रहाकडेच परत येते. त्यामुळे बुडालेली वस्तीही उजळ दिसते. पाण्यात उभ्या असलेल्या उंच उसाचेही बऱ्याचदा असेच होते. त्यात ठिपका दहा मीटरचा. म्हणजे ज्या फोटोच्या जोरावर मी भांडायला निघालो होतो, तोच माझ्याविरुद्ध साक्ष देत होता. आमचा पंचनामा अशाच एखाद्या नकाशावरून झाला की कुणी गावात न येताच लिहिला, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

मी तो फोटो टेबलावर ठेवला नाही. अर्ज केला, फेरपंचनामा मागितला. तिसऱ्या खेपेला एक तरुण कर्मचारी आला. अब्बांनी कपाट सरकवून त्याला रेघ दाखवली. त्याने पिशवीतून टेप काढला, एक टोक अब्बांच्या हातात दिले आणि आकडा वहीत लिहून घेतला: पाच फूट चार इंच.