फडक्यांना पकडलं कुणी? हद्दीची गोष्ट आणि मधला माणूस

पोलीस चौकीत कधी तक्रार द्यायला गेला असाल, तर "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. माझं संशोधन थोडक्यात सांगायचं तर या एका वाक्याच्या इतिहासावर आहे. गुन्हा एका हद्दीत, गुन्हेगार दुसऱ्या हद्दीत, साक्षीदार तिसऱ्या हद्दीत, अशा वेळी दोन पोलीस खाती एकमेकांशी बोलतात कशी आणि हे बोलणं करणारा माणूस कोण असतो? आज त्याला लिएझन ऑफिसर, समन्वय अधिकारी, नोडल ऑफिसर वगैरे म्हणतात. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मित्रमैत्रिणींना यात 'करिअर' आहे का, असा प्रश्न पडतो. आहे. पण त्या कामाची खरी जात समजून घ्यायची तर मी तुम्हाला १८७९ सालात नेईन.

वासुदेव बळवंत फडके यांची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जन्म १८४५ चा, शिरढोणचा. पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि शेवटची भेट हुकली, हा सल कायमचा. मग १८७६-७७ चा दुष्काळ, गावोगावची उपासमार, रामोशांची जमवाजमव आणि २३ फेब्रुवारी १८७९ ला शिरूर भागातल्या धामारीवर पहिला छापा. पुढे मुंबई सरकारने त्यांच्यावर इनाम लावलं आणि त्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम जाहीर केलं. हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे, म्हणून भराभर सांगितलं.

मला थांबायचंय ते पुढच्या पाच महिन्यांवर. समोर महाराष्ट्राचा आजचा नकाशा असेल तर तो बाजूला ठेवा, कारण १८७९ चा नकाशा गोधडीसारखा होता. पुणे, नगर, सोलापूर, कलादगी हे जिल्हे मुंबई इलाख्यातले. यातल्या नगर, सोलापूर, कलादगीला लागून पूर्वेला निजामाचा मुलूख. निजामाचा मुलूख ओलांडून, कृष्णेपलीकडे श्रीशैल मल्लिकार्जुन. ते कर्नूल जिल्ह्यात, म्हणजे मद्रास इलाख्यात. शिवाय सांगली, जत, अक्कलकोट, भोर अशी संस्थानं मधेमधे पेरलेली. प्रत्येकाचे शिपाई वेगळे, कोर्ट वेगळं, तुरुंग वेगळा.

बंडवाल्यासाठी हा नकाशा म्हणजे आसराच. घोड्यावर एक रात्र दौडलं की सरकार बदलायचं. फडके पुण्याच्या आसपास छापे घालत होते, श्रीशैलला जाऊन राहिले, निजामाच्या मुलखात रोहिल्यांची नवी फौज उभी करण्याच्या बोलण्यात होते. म्हणजे एका वर्षात त्यांनी तीन सरकारांच्या हद्दी ओलांडल्या. आपल्या चरित्रांमध्ये ही सगळी 'भटकंती' म्हणून येते. मला त्यात कारकुनाचं डोकंही दिसतं. कचेरीतला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला किती दिवस लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! रजेच्या एका अर्जाने त्यांना ते चांगलंच शिकवलं होतं.

आता पलीकडच्या बाजूने पाहा. पुण्याच्या पोलिसांना निजामाच्या मुलखात कुणाला पकडायचं असेल तर रीतसर वाट अशी: पुण्याहून मुंबई सरकारकडे, तिथून हैदराबादच्या रेसिडेंटकडे, रेसिडेंटकडून निजामाच्या दिवाणाकडे आणि दिवाणाकडून त्यांच्या पोलिसांकडे. उत्तर याच वाटेने उलटं. १८७९ मध्ये रेसिडेंट होते सर रिचर्ड मीड आणि दिवाण पहिले सालारजंग. गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करण्याचा करार १८६७ सालीच झाला होता, त्यात दरोडा आणि खून असे गुन्हे मोजून दिले होते. म्हणजे कायदा होता, तारयंत्रही होतं, पण कागद चालायचा तो कागदाच्याच वेगाने.

बरं, इंग्रजांकडे हद्दी ओलांडणारं एक खातं आधीपासून होतं. स्लीमनने १८३० च्या दशकात उभं केलेलं ठगी आणि डकैती खातं. इंग्रजी जिल्ह्यांत पोलीस नीट बसवल्यावर, १८६० च्या दशकापासून, त्या खात्याचं काम मुख्यतः संस्थानी मुलखापुरतं ठेवलं गेलं. पण पेंढारी-ठगांच्या जमान्यातलं हे खातं फडक्यांसारख्या माणसासाठी बनलेलं नव्हतं. दरोडा घालून तो पैसा राजकीय बंडासाठी वापरणारा, इंग्रजी येणारा, सरकारी हिशेब लिहिणारा ब्राह्मण कारकून त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

मे १८७९ मध्ये पुण्यात घबराट कळसाला पोचली. फडक्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी कोकणात पळस्पे आणि चिखलीवर छापे घातले आणि परत फिरताना मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत ते मारले गेले. त्याच आठवड्यात, १३ मेला, बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. आग लावणारा निघाला सरकारी पुस्तक डेपोतला एक कर्मचारी, त्याचा फडक्यांशी संबंध नव्हता. पण संशय साऱ्या शहरावर गेला. न्यायमूर्ती रानड्यांची उचलबांगडी होऊन ते धुळ्याला गेले, ते याच दिवसांत. घाबरलेलं सरकार माहितीच्या जागी संशयावर चालतं, हे माझं मत या प्रकरणाने पक्कं केलं. पुण्यात कुणावर विश्वास ठेवायचा हे सरकारला कळत नव्हतं, आणि ज्याला शोधायचं तो पुण्यात नव्हताच.

इथे मधला माणूस येतो. अब्दुल हक. हैदराबाद संस्थानाच्या पोलिसातला अधिकारी. सालारजंगांनी बाहेरून आणलेल्या कर्तबगार माणसांपैकी हा एक; आधी त्याने मुंबई इलाख्याच्या पोलिसात काम केलेलं. तुम्ही जर नोकरीच्या जाहिरातीतल्या अटी वाचत असाल तर इथे जरा थांबा. इंग्रजी पोलीस कसे विचार करतात, कुठला पुरावा कोर्टात टिकतो, अहवाल कसा लिहायचा, हे त्याला माहीत. निजामाच्या मुलखात कुठला तालुकदार मदत करेल, रोहिल्यांमध्ये बातमी कशी काढायची, हेही माहीत. दोन्ही बाजूंना तो 'आपला' वाटायचा. करारनाम्याला जे काम जमलं नाही ते या एका माणसाच्या ओळखीने जमलं.

डॅनियल पुण्याकडून पाठलागावर, अब्दुल हक हैदराबादकडून. फडके गाणगापूरच्या परिसरातून पंढरपूरच्या दिशेने निघाले होते, तापाने आणि थकव्याने मोडून गेलेले. २० जुलै १८७९ ला भीमेच्या काठच्या देवर नावडगी गावी, देवळात झोपलेले असताना ते सापडले. पकडताना डॅनियल आणि अब्दुल हक दोघेही हजर होते. हे गाव तेव्हा कलादगी जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी हद्दीत होतं; आज ते कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात येतं. निजामाचा अधिकारी हद्द ओलांडून अलीकडे आलेला होता. परवानगी कुणी दिली, कुणाच्या सहीने, असला प्रश्न त्या रात्री अडला नाही. पुढे कुरबूर होऊ नये इतका दोघांचा एकमेकांवर आणि दोन्ही सरकारांचा त्या दोघांवर भरवसा होता.

आपल्याकडे ही अटक बहुतेकदा फितुरीची गोष्ट म्हणून सांगतात. इनामाच्या लोभाने बातमी फुटली वगैरे. बातमी फुटल्याशिवाय कुणी सापडत नाही, हे खरं. पण बातमी तर फेब्रुवारीपासून फुटतच होती! फुटलेली बातमी हद्दीच्या पलीकडच्या माणसापर्यंत वेळेत पोचणं आणि त्याने त्यावर लगेच हालचाल करणं, ही जुलैमधली नवी गोष्ट होती. फडक्यांचं सगळं गणित हद्दीवर उभं होतं आणि ती हद्दच त्या आठवड्यापुरती पुसली गेली.

खटला पुण्यात चालला. सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, बचावाचं काम अंगावर घेतलं. त्या दिवसांत ही साधी हिंमत नव्हती. फडक्यांनी स्वतः लिहिलेलं आत्मवृत्त आणि रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली होती, तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. (त्याचा इंग्रजी तर्जुमा, मुंबई सरकारने १९५७ साली छापलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनग्रंथाच्या पहिल्या खंडात तुम्हाला वाचायला मिळेल. जरूर वाचा. दुष्काळावर लिहिताना हा माणूस किती शांतपणे आकडेमोड करतो ते बघा.) शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची.

अब्दुल हकचं पुढे काय झालं? मला ही गोष्ट फडक्यांच्या अटकेइतकीच महत्त्वाची वाटते, कारण मध्यस्थीची किंमत तिच्यातून कळते. त्याला सरदार दिलेर-उल-मुल्क असा किताब मिळाला. हैदराबाद सरकारचा इंग्रजांशी बोलणारा माणूस म्हणून तो थेट लंडनपर्यंत पोचला: रेल्वेचे व्यवहार, मग खाणींचे. १८८६ ला खाणींचा मक्ता दिला गेला, त्यात शेअर्सचे असे काही व्यवहार झाले की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे चौकशी झाली आणि दिलेर-उल-मुल्कची नोकरी गेली. दोन्ही बाजूंना विश्वासाचा असलेला माणूस दोन्ही बाजूंच्या मधलं सगळं बघू शकतो, आणि त्याच्याकडे बघणारं मात्र कुणी नसतं. समन्वयाच्या नोकरीतला हा धोका कुठल्याच जाहिरातीत लिहिलेला नसतो.

सरकारनेही धडा घेतला, पण फार सावकाश. १८९७ मध्ये २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हाही तपासाला मुंबई शहर पोलिसातला ब्रुइन पुण्यात आणावा लागला. बाळकृष्ण चापेकर पुन्हा निजामाच्याच मुलखात गेले आणि दीड वर्ष हाती लागले नाहीत. वीस वर्षांनी तीच वाट, तीच हद्द! शेवटी फ्रेझर आयोगानंतर, १९०४ मध्ये, ठगी-डकैती खातं मोडून केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता खातं आलं. त्याचा पहिला संचालक हॅरल्ड स्टुअर्ट. पाठोपाठ प्रांतोप्रांती सीआयडी निघाली. आपल्या राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय आजही पुण्यात आहे. त्या केंद्रीय खात्याची रचना मात्र बघण्यासारखी होती. तपास करायचा तो प्रांतांच्या पोलिसांनीच. केंद्राने माहिती गोळा करायची, जुळवायची आणि ज्याला हवी त्याला पोचवायची. प्रांत आपला अधिकार सोडायला तयार नव्हते, म्हणून केंद्राच्या वाट्याला निरोप्याचं काम आलं.

आजची व्यवस्था याच सांध्यावर बसलेली आहे. घटनेत 'पोलीस' हा राज्याचा विषय. १९६३ साली स्थापन झालेली सीबीआय चालते १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यावर, आणि त्याच्या कलम ६ प्रमाणे राज्यात तपास करायला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ही सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. दोन्ही वेळा टीव्हीवर जोरात राजकारण झालं. सीबीआयच्या आणि राज्याच्या अधिकाऱ्यांना एकमेकांचे फोन मात्र रोजच उचलावे लागत होते. परदेशाशी बोलायचं तर दिल्लीत सीबीआय हीच इंटरपोलची राष्ट्रीय शाखा. प्रत्येक राज्यात एक इंटरपोल लिएझन ऑफिसर असतो. परदेशी पळालेल्या आरोपीसाठी पुण्यातल्या एखाद्या पोलीस ठाण्याला रेड नोटीस हवी असेल तर कागद त्याच्यामार्फत वर जातो. पूर्वी ही पत्रं, ईमेल, फॅक्सची साखळी होती. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठी भारतपोल नावाचं पोर्टल सुरू झालं. आणि चौकीतल्या त्या वाक्याचं म्हणाल, तर जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात झिरो एफआयआर आलेली आहे: दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्याने नोंदवून घ्यायचाच.

करिअरवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. 'लिएझन' या पदाची थेट परीक्षा सहसा नसते. सीबीआयमध्ये उपनिरीक्षक व्हायला कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा आहे, पण वरच्या आणि मधल्या बऱ्याच जागा प्रतिनियुक्तीने भरतात. राज्य पोलिसातला माणूस काही वर्षं केंद्रात जातो, परत येतो. अब्दुल हकने जे केलं ते आता सेवानियमात बसवलंय. परत आलेल्या माणसाकडे थोडं संशयानेच बघतात, हे तुम्हाला कुणीही निवृत्त अधिकारी चहावर सांगेल.

पुण्यात संगम पुलाजवळ, सीआयडीच्या आवारात, फडक्यांचं स्मारक आहे. याच संगमावर पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांची रेसिडेन्सी होती, दोन सरकारांच्या मधल्या माणसाचं घर. खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, ते जाळलं गेलं.

फडक्यांना पाठवलं एडनला. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात होतं, त्यामुळे पुण्याहून तिथे कैदी न्यायला कुणा रेसिडेंटला विचारावं लागलं नाही. १३ फेब्रुवारी १८८३ ला ते कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून बाहेर पडले. ठाण्याच्या बाहेर अरब टोळ्यांचा मुलूख होता, पण लाहेजचा सुलतान इंग्रजांकडून सालाना तनखा घेत होता. फडके लवकरच पुन्हा पकडले गेले. त्यांनी अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारीला ते गेले.