वेग नव्हे, मजल

मराठीत एक जुना शब्द आहे, 'मजल'. मूळ अरबी 'मंझिल'. वाहनावरून उतरण्याची, मुक्काम टाकण्याची जागा. फारसीच्या वाटेनं तो दख्खनमध्ये आला आणि मराठीत असा रुळला, की बखरींमधल्या फौजा 'मजल दरमजल' करीतच चालू लागल्या. घोडा न कोसळता आणि माणूस न मोडता दिवसभरात जेवढं अंतर कापलं जाईल, तेवढी एक मजल. वेगाच्या हिशेबात पोचल्यावर तुमची अवस्था काय झाली, हे धरत नाहीत. मजलेच्या हिशेबात ते धरावंच लागतं, कारण उद्या सकाळी पुन्हा निघायचं असतं.

आज मला बोलायचं आहे ते मोटारींबद्दल, आणि त्यातही स्पोर्ट्स कारबद्दल. कवीनं हा विषय कशाला घ्यावा, असं तुम्हाला वाटेल. माझ्या मालकीची स्पोर्ट्स कार कधी नव्हती, पुढेही होईलसं दिसत नाही. पण या गाड्यांच्या इतिहासात हा मजलेचाच प्रश्न पुन:पुन्हा विचारला गेला आहे. वेगानं जाणारी, दूरचा पल्ला मारणारी आणि तरीही रोजच्या रस्त्यावर निमूट चालणारी गाडी कोणती? ती निवडायची कशी?

गाड्यांच्या पाठीवर 'जीटी' ही अक्षरं आपण पाहतो. पुष्कळांना ती वेगाची खूण वाटते. मूळ शब्द इटालियन आहेत, 'ग्रान तुरिस्मो', म्हणजे मोठा प्रवास. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्रज उमरावांची मुलं शिक्षण पुरं झालं की फ्रान्स आणि इटलीच्या लांबच्या सफरीवर निघत. आल्प्स ओलांडून फ्लॉरेन्स, रोम, नेपल्सपर्यंत जात. त्या सफरीला 'ग्रँड टूर' म्हणत. हेच शब्द विसाव्या शतकात मोटारीला चिकटले. १९३०च्या आसपास अल्फा रोमिओच्या गाड्यांच्या नावांत ते दिसू लागले. नावात सुरुवातीपासून प्रवास आहे, शर्यत नाही.

पण या गाड्या घडल्या त्या मात्र एका शर्यतीत. तिचं नाव 'मिल्ले मिलिया', म्हणजे हजार मैल. मैल हा शब्दही मुळात 'हजार'च. रोमन सैनिकांची हजार दुहेरी पावलं म्हणजे एक मैल. १९२७ साली उत्तर इटलीतल्या ब्रेशा गावी ही शर्यत सुरू झाली. ब्रेशाहून रोमला जायचं आणि परत यायचं, सुमारे १,६०० किलोमीटर. वेगळा बांधलेला गुळगुळीत मार्ग नव्हता. ज्या रस्त्यानं एरवी बैलगाडी, सायकल आणि पाववाल्याची गाडी जाते त्याच रस्त्यानं, गावांच्या मधून, डोंगरांच्या घाटांतून जायचं. म्हणून या शर्यतीत नुसतं ताकदवान इंजिन पुरत नसे. ब्रेक, बैठक, दिवे, काच, चालकाची पाठ, या सगळ्यांचीच परीक्षा होई.

युद्धानंतरची पहिली मिल्ले मिलिया १९४७ साली झाली. ताझिओ नुवोलारी हा त्या काळातला सर्वांत नावाजलेला इटालियन शर्यतपटू. तेव्हा त्याचं वय ५४ होतं. फुप्फुसं निकामी होत चालली होती. दोन मुलं होती, दोन्ही अठराव्या वर्षी गेली होती, धाकटा तर आदल्याच वर्षी. असा माणूस चिसितालिया नावाच्या छोट्या, बिनछपराच्या गाडीत बसला. तुरीनचा उद्योजक पिएरो दुसिओ यानं ही कंपनी नुकतीच काढली होती. गाडीचं इंजिन अवघं १,०८९ सीसीचं. वादळी पावसात नुवोलारी सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या टप्प्यात इंजिनाच्या वायरिंगमध्ये पाणी शिरलं, गाडी थांबली आणि पहिला नंबर हुकला. जिंकला क्लेमेंते ब्याँदेत्ती. त्याच्या अल्फा रोमिओचं इंजिन अडीच पटींहून मोठं होतं, पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्याच्या गाडीला छप्पर होतं.

आता त्या १,०८९ सीसीच्या इंजिनाबद्दल. ते फियाट ११०० या साध्या कुटुंबाच्या गाडीतून घेतलेलं होतं. फियाटच्या त्या गाडीमागे दांते जाकोसा हा अभियंता होता, आणि त्यानंच दुसिओला पहिल्या चिसितालियाच्या आराखड्यात मदत केली. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. ही मापं लक्षात ठेवा. याच मापांचं, याच वंशातलं इंजिन पुढे मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. ती आपली फियाट, नंतरची प्रीमियर पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. दादर स्टेशनबाहेर मीटर पाडून उभी असलेली, पावसात काच वर न होणारी, तरीही आपल्याला घरी पोचवणारी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा लोकांनी हळहळून लेख लिहिले. नुवोलारीच्या गाडीचं आणि त्या टॅक्सीचं काळीज एकाच घराण्यातलं होतं, हे मात्र कुठे फारसं वाचल्याचं आठवत नाही.

त्याच चिसितालियाची छपराची आवृत्ती पिनिन फारिनानं घडवली. तिचं अंग एका सलग वळणात उतरत जातं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१ साली आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती. पुढे १९७२ साली ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या ठेव्यात गेली. म्हणजे एका सामान्य कुटुंबाच्या गाडीचं इंजिन कलासंग्रहालयात जाऊन बसलं.

दुसरी आपली राष्ट्रीय गाडी अॅम्बॅसडर. तिचीही गोष्ट अशीच आहे. १९५९ पासून तिला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं १,४८९ सीसीचं इंजिन मिळालं. हेच इंजिन, थोडं पाजळलेलं आणि दोन कार्ब्युरेटर लावलेलं, १९५५ साली आलेल्या एमजीए या दोन सीटच्या इंग्रज स्पोर्ट्स कारमध्ये होतं. कलेक्टरसाहेबांची लाल दिव्याची गाडी आणि इंग्लंडच्या गावरस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी भरधाव निघालेली ती नखरेल गाडी, दोघी सख्ख्या बहिणी. एमजीए एक लाखाहून थोड्या अधिक तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेत खपल्या. शिक्षक, कारकून, लष्करातून परतलेली तरुण मुलं अशांना परवडेल अशी ती गाडी होती. बिघडली तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला समजत असे, कारण आतलं इंजिन ओळखीचं होतं.

ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या गावी १९४८ साली पोर्शेनं आपली पहिली ३५६ गाडी बनवली, तीही फोक्सवॅगनच्या साध्या भागांतून. तिघांची वंशावळ पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. लांबच्या प्रवासाला उपयोगी पडलेल्या या स्पोर्ट्स कार राजवाड्यातून खाली उतरल्या नाहीत. त्या चाळीतून वर चढल्या.

पण रोजच्या गाडीचं इंजिन घेतलं की काम झालं, असं नाही. मग त्या गाडीची खरी घडण कशात होती? त्यासाठी लान्चिया ऑरेलियाकडे पाहावं लागतं. लान्चियानं आपल्या गाड्यांना रोमन हमरस्त्यांची नावं दिली. आपिया, ऑरेलिया, फ्लामिनिया. ऑरेलियाची जीटी आवृत्ती १९५१ साली आली. दोन लिटरच्या आतलं सहा सिलिंडरचं इंजिन, ताकद सुमारे ७५ अश्वशक्ती. आकडा फार मोठा नव्हे. पण इंजिनाचे सिलिंडर इंग्रजी 'व्ही'च्या आकारात बसवले होते, त्यामुळे ते आखूड झालं आणि माणसांना जागा राहिली. गिअरबॉक्स पुढून काढून मागच्या चाकांपाशी नेला. वजन पुढे-मागे सारखं वाटलं गेलं. वर छप्पर, मागे सामानाला जागा. त्याच वर्षीच्या मिल्ले मिलियात जोव्हान्नी ब्राक्को या गाडीतून दुसरा आला. पहिली आली ती दुप्पट मोठ्या इंजिनाची फेरारी, तीही सुमारे वीस मिनिटांच्या फरकानं. १,६०० किलोमीटरांत वीस मिनिटं! ताकद निम्म्याहूनही कमी होती, पण वळणावर डगमगली नाही, ब्रेक लावताना घाबरली नाही, चालकाला दमवलं नाही. या सगळ्यांची बेरीज केली तर मजल निघते.

या इतिहासाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी अर्धंच बोलल्यासारखं होईल. १२ मे १९५७. मिल्ले मिलियाचा शेवट जवळ आला होता. गुइदित्सोलो गावाजवळ सरळ रस्त्यावर अल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश चालकाच्या फेरारीचा टायर फुटला. गाडी रस्त्याकडेच्या माणसांत घुसली. पोर्तागो आणि त्याचा साथीदार गेले. त्यांच्याबरोबर पाहायला आलेली नऊ माणसं गेली, त्यांत पाच मुलं होती. ती मुलं शर्यतीत नव्हती. ती आपल्या गावच्या रस्त्याकडेला उभी होती. वेगाची ती शर्यत त्यानंतर कायमची बंद झाली. आता तिच्या नावानं जुन्या गाड्यांची शांत फेरी निघते.

रोजचा रस्ता म्हणजे काय, याचं उत्तर मला गुइदित्सोलोत मिळतं. ज्या रस्त्यावर आपल्याखेरीज दुसरंही कुणी आहे, तो रोजचा रस्ता.

माझा एक भाचा पुण्यात नोकरी करतो. चार पैसे हाताशी आले आहेत. मध्यंतरी म्हणाला, "मामू, स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. जुनी का होईना. कोणती घेऊ?" ईदेला तो आंबा घाट उतरून रत्नागिरीला आईकडे जातो. ती, म्हणजे माझी बहीण, त्याची गाडी अंगणात शिरेपर्यंत जागी असते. मी म्हटलं, "ताशी किती जाते, हे सगळ्यात शेवटी विचार." तो हसला. "मग आधी काय विचारू?"

आधी काय विचारायचं, ते मला या इतिहासानं शिकवलं आहे. तीन तास बसल्यावर बैठक पाठीला टोचते का? मागचं आणि बाजूचं नीट दिसतं का? होंडानं १९८९ साली एनएसएक्स ही गाडी दाखवली, तेव्हा लढाऊ विमानाच्या चालककक्षाचा आदर्श समोर ठेवून तिच्या काचा बेतल्या होत्या, त्या सगळीकडचं दिसावं म्हणून. स्पोर्ट्स कार म्हणजे उकाडा, जड क्लच आणि सततची दुरुस्ती, हा समज त्या गाडीनं पुष्कळसा पुसला. मग विचारावं, गतिरोधकावर गाडीचं पोट घासतं का? आपल्याकडे हा प्रश्न पहिल्या तिनांत हवा. सिग्नलला वीस मिनिटं रांगेत उभी राहिली तर तापते का? डिकीत दोन बॅगा आणि आईसाठी घेतलेली मिठाईची पेटी मावते का? पावसात, अंधारात, उतारावर ब्रेक सरळ धरतात का? टायर किती जुने आहेत? आणि बिघडली तर मलकापूरच्या पुढे कुणी हात लावेल का?

पोर्शे ९११ पहिल्यांदा १९६३ साली फ्रँकफर्टला लोकांपुढे आली आणि साठ वर्षं उलटून गेली तरी त्याच नावानं बनते आहे. तिच्याहून वेगवान गाड्या कितीतरी आल्या आणि गेल्या. ती टिकली यामागे माझ्या मते एक साधं कारण आहे. तिच्यात मागे दोन लहान सीट आहेत, पुढे सामान ठेवता येतं, आणि तिनं सोमवारी कचेरीत जाता येतं. जिला फक्त रविवारीच बाहेर काढता येतं, ती गाडी हळूहळू गोठ्यातल्या शोभेच्या घोड्यासारखी होते. तिचा खरारा होतो, प्रवास होत नाही.

मित्रहो, वेगाची ओढ मी वाईट मानत नाही. ती तरुण रक्तात असतेच, आणि ती नसती तर नुवोलारीही त्या पावसात निघाला नसता. पण चांगल्या गाडीची ताकद तिच्या मालकानं किती वापरली यापेक्षा किती राखून ठेवली, यात दिसते. घाटात समोरून एसटी आली, कडेनं शाळेची मुलं चालली असली, की हीच राखून ठेवलेली ताकद, हेच न थकलेले डोळे आणि हेच न घाबरणारे ब्रेक कामाला येतात. गाडी निवडणं म्हणजे आपण रस्त्यावर कसे वागणार, हे आधीच ठरवणं आहे.

भाच्यानं अजून गाडी घेतलेली नाही. पण परवा त्याचा फोन आला. एक जुनी गाडी पाहायला गेला होता. म्हणाला, "मामू, आधी डिकी उघडून पाहिली."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)