गॅस गीझर: कुठे लावायचा, कसा वापरायचा आणि दिवाळीआधी काय तपासायचं?

नरक चतुर्दशीची पहाट. घरात पाच माणसं, बाथरूम एकच. सगळ्यांचं अभ्यंगस्नान उजाडायच्या आत उरकायचं, म्हणून एक बाहेर आला की दुसरा आत. बाहेर गारवा म्हणून खिडकीच्या काचा बंद, दाराला आतून कडी आणि गीझर तासभर जवळपास सुरूच. गीझर बाथरूमच्या आत लावलेला असेल, तर वर्षातली सगळ्यात धोक्याची वेळ हीच.

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात किंवा पलीकडे नालासोपारा-विरारला वन रूम किचनच्या घरात गॅस गीझर सोयीचा वाटतो. लाइट गेली तरी पाणी गरम होतं, नळ सोडला की लगेच मिळतं आणि विजेचं बिल वाढत नाही. हे सगळं खरंच आहे. पण हे यंत्र भिंतीवर टांगून विसरून जाण्यासारखं नाही.

धोका नेमका कशाचा?

बहुतेकांना गॅस गळतीची भीती वाटते. ती योग्यच आहे, पण गळती झाली तर निदान वास येतो. सिलिंडरच्या आणि पाइपच्या गॅसमध्ये तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. गीझरमुळे होणारे बरेच मृत्यू मात्र गळतीने नाही, तर गॅस जळल्यामुळे होतात.

गॅस पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. ती मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोहोचत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गीझर साधारण १० ते १२ किलोवॉट उष्णता देतो. म्हणजे शेगडीचे पाच-सहा मोठे बर्नर एकाच वेळी पेटवल्यासारखं. दहा मिनिटांत तो सुमारे दोन हजार लिटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा असते जेमतेम साडेपाच हजार लिटर. पहिला माणूस बाहेर येतो तेव्हाच हवा खराब झालेली असते. तिसऱ्या-चौथ्याच्या वाट्याला काय उरतं, याचा अंदाज यावरून येईल.

जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत अंघोळीला गेलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचा असाच मृत्यू झाला होता.

गीझर कुठे लावायचा?

एका वाक्यात सांगायचं तर बाथरूमच्या बाहेर. गीझर मोकळ्या हवेत राहील आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत जाईल, अशी रचना हवी.

- बाल्कनी किंवा ड्राय बाल्कनी चालते, पण ती उघडी असेल तरच. आपल्याकडे ग्रिल लावून वर स्लायडिंगच्या काचा बसवतात. काचा बंद केल्या की तीही एक बंद खोलीच होते.
- डक्टकडे उघडणारी छोटी खिडकी पुरेशी नाही. तळमजल्यापासून गच्चीपर्यंतच्या अरुंद डक्टमध्ये हवा खेळेलच असं नाही.
- एक्झॉस्ट फॅनच्या भरवशावर राहू नका. बाहेरची हवा आत यायला वाट नसेल तर पंखा उपयोगी पडत नाही. गीझरला धुराडं असेल, तर त्यातून जाणारा धूरही तो उलटा आत ओढू शकतो.
- सिलिंडर उभा आणि मोकळ्या जागी ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून खालच्या बाजूला हवा जायला जागा हवी. पाइपचा गॅस हलका असतो, तो छताकडे जातो. त्याला वरची वाट हवी.
- रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि ती भिंतीतून नेऊ नका. अंतर जास्त असेल तर धातूची पाइपलाइन टाकून घ्या. शेगडीच्या नळीला टी जोडून गीझर चालवणं तर अजिबात नको.

वसई-विरारमध्ये अनेक सोसायट्यांत आता पाइप गॅस आला आहे. सिलिंडरवरचा गीझर तसाच पाइपलाइनला जोडता येत नाही. दोन्ही गॅसचा दाब वेगळा असतो, त्यामुळे जेट बदलावे लागतात. तुमच्या मॉडेलमध्ये तसा बदल होतो का, हे आधी कंपनीला विचारा आणि तो गॅस कंपनीच्या किंवा गीझर कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

वर्षातून एकदा काय तपासायचं?

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांना विचारा. तिथे घर गरम ठेवायला गॅसची फर्नेस असते आणि थंडी सुरू होण्याआधी मेकॅनिक बोलावून ती तपासून घेण्याची पद्धत आहे. आपल्याकडे फर्नेस नाही, पण तत्त्व तेच. तारीख लक्षात ठेवायला सोपी जावी म्हणून दिवाळीच्या साफसफाईतच गीझरचं सर्व्हिसिंग धरा.

मेकॅनिककडून करून घ्यायची कामं:

१. बर्नर साफ करणं. पावसाळ्यात गीझर कमी वापरला जातो. तेवढ्यात बर्नरमध्ये धूळ बसते, कोळी जाळी करतात. हवेची वाट अडली की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

२. हीट एक्स्चेंजर साफ करणं. बर्नरच्या वरच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये काजळी साचली की धूर वर जात नाही. वसई-विरारमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरणाऱ्या इमारती बऱ्याच आहेत. पाणी जड असेल तर नळीच्या आत क्षाराचा थर बसतो. पाण्याची धार बारीक झाली असेल तर डीस्केलिंग करून घ्या.

३. पाण्याचा व्हॉल्व्ह आणि डायफ्रॅम. पाणी वाहू लागलं की आतला रबरी पडदा ढकलला जातो आणि गॅस सुरू होतो. हा पडदा अडकला तर नळ बंद केल्यावरही बर्नर जळत राहू शकतो. हा दोष दिसला तर दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका.

४. नळी, रेग्युलेटर आणि जोड. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तिच्यावर छापलेली तारीख पाहा. भेगा दिसल्या तर त्याआधीच बदला. गळती साबणाच्या फेसाने तपासतात, काडी पेटवून कधीच नाही.

५. धुराडं. असेल तर ते मोकळं आहे का आणि त्याचं तोंड इमारतीबाहेर उघडतं का, हे पाहायला सांगा.

काम झाल्यावर मेकॅनिकला लगेच जाऊ देऊ नका. त्याच्यासमोर तीन गोष्टी पाहा. नळ सोडताच गीझर आवाज न करता पेटला पाहिजे. ज्योत निळी आणि स्थिर दिसली पाहिजे. नळ बंद करताच ती विझली पाहिजे.

घरच्या घरी करण्यासारखी कामं दोनच. सेल बदलणं आणि पाणी येतं त्या ठिकाणची छोटी जाळी धुणं. कव्हर उघडून आत हात घालू नका.

मधल्या काळात या खुणा ओळखा

- ज्योत पिवळी किंवा नारिंगी, वर उसळणारी
- गीझरच्या तोंडाशी किंवा वरच्या भिंतीवर काळे डाग
- पेटताना ‘धप्प’ असा आवाज
- अंघोळ करताना डोकं जड होणं, मळमळ, चक्कर, पाय लटपटणं
- घरात एकाहून अधिक जणांना अंघोळीनंतर सारखाच त्रास होणं

शेवटच्या दोन खुणा दिसल्या तर गीझर त्याच दिवशी बंद करा. ‘ॲसिडिटी असेल’, ‘उपाशीपोटी अंघोळ केली म्हणून’ असं म्हणून सोडून देऊ नका. बाथरूममध्ये फिट आल्यासारखे झटके येऊन पडलेले आणि नंतर कारण गॅस गीझर निघालेले रुग्ण भारतातल्या न्यूरॉलॉजिस्टांनी नोंदवले आहेत.

गीझर आतच असेल आणि लगेच हलवता येत नसेल तर?

भाड्याच्या घरात हा प्रश्न हमखास येतो. अंघोळीच्या आधी दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरून घ्या. गीझर आणि गॅस दोन्ही बंद करा. काही मिनिटं हवा खेळू द्या, मगच आत जा. आत गेल्यावर गीझर पुन्हा सुरू करायचा नाही. ही तात्पुरती सोय आहे, मालकाशी बोलून गीझर बाहेर हलवणं हाच खरा उपाय.

काही गीझरमध्ये वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. पण नळ बंद करून पुन्हा सोडला की ती वेळ नव्याने मोजली जाते. एकामागून एक अंघोळी होतात तेव्हा तिचा उपयोग नाही.

कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो, तो जरूर घ्या. मात्र एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा आणि हा वेगळा. विकत घेताना खोक्यावरचं नाव नीट वाचा.

कुणी आत बेशुद्ध पडलं तर

आतून प्रतिसाद येत नसेल तर वाट पाहू नका, दार तोडा. श्वास रोखून आत जा, माणसाला ओढत मोकळ्या हवेत आणा. गॅस बंद करा. शेजाऱ्यांना हाक मारा आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला सीपीआर येत असेल तर लगेच सुरू करा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं यात वेळ घालवू नका.

दवाखान्यात पोहोचताच ‘बाथरूममध्ये गॅस गीझर सुरू होता’ हे डॉक्टरांना आधी सांगा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर अशा वेळी ९८-९९ आकडा दिसू शकतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यातला फरक कळत नाही. आकडा पाहून घरी थांबू नका. नुसत्या हवेत विषाचं प्रमाण निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. माणूस शुद्धीवर आला तरी तपासणी हवीच.

गॅसचा वास येत असेल तर लाइटचं किंवा पंख्याचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घराबाहेर या आणि तिथून फोन करा. एलपीजी गळतीसाठी १९०६, अग्निशमन दलासाठी १०१. पाइप गॅस असेल तर गॅस कंपनीचा आपत्कालीन नंबर बिलावर छापलेला असतो. तो आजच फोनमध्ये सेव्ह करा.

यंदा फराळाची यादी कराल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा: गीझर सर्व्हिसिंग. आणि गावाकडे आई-बाबांच्या बाथरूममध्ये गीझर कुठे लावलाय, तेही एकदा फोन करून विचारा.