मुळं टेक्ससची, द्राक्षं निफाडची

मागच्या दिवाळीत एका मित्राने २००२ सालची व्हूव्रे आणून दिली. फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठची ही पांढरी वाइन, 'शनँ ब्लाँ' द्राक्षाची. इतकी वर्षं ठेवलेली पांढरी वाइन म्हणजे व्हिनेगरच झालं असणार, असं आमच्या सौ.चं भाकीत. पण या द्राक्षात आंबटपणा मुळातच भरपूर, म्हणून ती टिकते. रंग सोनेरी झाला होता आणि वास चक्क मधाचा! चकलीबरोबर बाटली कधी संपली, कळलंच नाही.

पण मंडळी, ही वाइन आज अस्तित्वात आहे, ती आम्हा डॅलसकरांच्या शेजाऱ्यामुळे. ती हकिगत सांगतो.

१८६०च्या दशकात फ्रान्समधले द्राक्षमळे अचानक वाळू लागले. १८६८ साली प्लांशाँ या शास्त्रज्ञाला मुळांवर माव्यासारखे बारीक किडे दिसले. त्यांचं नाव फिलॉक्सेरा. हे पाहुणे अमेरिकेतून गेलेल्या वेलींबरोबर तिथे पोचले होते. अमेरिकन रानवेलींची मुळं या किडीला पुरून उरत, फ्रेंच मुळं मात्र मरत. मग उपाय निघाला, आपल्या हापूससारखाच कलमाचा: खाली अमेरिकन खुंट, वर फ्रेंच काडी. यावरून तिकडे चांगलंच भांडण जुंपलं. जमिनीत रसायन टोचणारे एका बाजूला, 'अमेरिकावाले' दुसऱ्या. रानटी मुळांमुळे आपल्या वाइनची चव बिघडेल, ही अनेकांना धास्ती!

शिवाय चुनखडीच्या जमिनीत बरेचसे अमेरिकन खुंट पिवळे पडत. म्हणून १८८७ साली प्येर व्हियाला हे प्राध्यापक अमेरिकेत आले. त्यांना टेक्ससच्या चुनखडीत तगणाऱ्या रानवेली दाखवल्या डेनिसनच्या थॉमस व्होल्नी मन्सन यांनी. पुढच्याच वर्षी फ्रेंच सरकारने मन्सनना सन्मान दिला. डेनिसन आमच्यापासून साधारण ७५ मैलांवर. तिथल्या कॉलेजने त्यांच्या नावाने द्राक्षमळा राखला आहे.

आता खरी गंमत. फोनवर निफाडच्या काकांना हे सांगत होतो. मन्सननी निवडलेल्या खुंटांपैकी एकाचं नाव 'डॉग रिज', टेक्ससमधल्याच एका जागेवरून पडलेलं. काका ओरडलेच, "अरे, डॉगरिज? आमची अख्खी बाग त्याच्यावर आहे! ते तुझ्या गावचं होय?"

महाराष्ट्रात हा खुंट आला तो किडीमुळे नव्हे, तर पाण्याची टंचाई आणि खारवट जमिनीमुळे. आणि शनँ ब्लाँसुद्धा नाशकात पोचलंय. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंतांच्या सुला वाइनरीने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली, त्यात हे द्राक्ष होतं.

इथे जन्मलेली आमची लेक हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "बाबा, मग ती वाइन फ्रेंच की अमेरिकन?" मी म्हटलं, "फ्रेंचच. फळ वरच्या काडीचं असतं, खुंट कुठलाही असो." त्यावर ती म्हणाली, "पण खुंट नसता तर काडी वाळली असती ना?"

पंचवीस वर्षं या प्रश्नाला मी बगल देत आलोय. काकांना विचारलं, तर म्हणाले, "कलम एकदा जमलं की बागवान जोड बघत नाही, घड बघतो."